तबकडी परत आली म्हणे...

परवा भाचा आला होता. ऐरोलीला कुठल्याशा आयटी कंपनीत असतो, शनिवारी मनात आलं की सुकापूरला मामाकडे फेरी मारतो. (मामीच्या हातचं बोंबलाचं कालवण हे खरं कारण, मी आपला निमित्त.) या वेळी काखेत एक चौकोनी पिशवी होती. मला वाटलं, पिझ्झा आणलाय. उघडली तर आत एलपी! नवी कोरी, सीलही न फोडलेली, जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांची. माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब म्हणून दुकान आहे, तिथे रेकॉर्डीही मिळतात आणि वाजवायची यंत्रंही, असं सांगत होता. किंमत काही केल्या सांगेना. शेवटी "अडीच हजारांच्या आसपास" एवढं कबूल केलं, तेही मामी स्वयंपाकघरात गेल्यावर.

मग मुद्द्यावर आला. "मामा, तू परत दुकान टाक. रेकॉर्ड्स परत आल्यात. जगभर."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८८ ते २००९ अशी एकवीस वर्षं नवीन पनवेलला माझं कॅसेटचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दहा बाय आठचा गाळा. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात आणि मला भाडं मिळतं. तर मी हसून विषय बदलला. पण रात्री तो 'परत' शब्द डोक्यात अडकून बसला. परत यायला आधी कधीतरी यावं लागतं ना? आमच्या या भागात रेकॉर्ड आली कधी होती?

म्हणजे बघा. आपल्या देशात तबकड्यांसाठी पहिलं व्यापारी ध्वनिमुद्रण झालं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग लंडनहून यंत्रं घेऊन आला आणि एका हॉटेलच्या खोलीतच त्याने सगळा पसारा मांडला. तेव्हा गायलेल्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव गौहर जान. त्या मुद्रणांवरून तबकड्या दाबल्या गेल्या जर्मनीत, हॅनोवरला, आणि बोटीने परत आल्या. १९०८ साली कंपनीने कलकत्त्यातच सियालदाला कारखाना काढला, पुढे डमडमला मोठा काढला. यातली गंमत अशी, की त्या काळ्या तबकडीचा जीव म्हणजे लाख, आणि जगातली बरीचशी लाख जायची आपल्याकडूनच. छोटा नागपूरच्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर जे किडे बसतात त्यांची ती लाख. त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड बनायची. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. जंगलात लाख गोळा करणाऱ्या बाईने त्यातली एक तरी तबकडी कधी ऐकली असेल का, हा प्रश्न मला उगाच पडतो. असो.

मुंबईत हा धंदा जोरात होता. नाटकाची पदं, अभंग, भावगीतं, पुढे सिनेमा. वडाळ्याला तर चक्क देशी कारखाना होता. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, लेबलचं नाव 'यंग इंडिया', काळ साधारण १९३५ ते १९५५. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं न केलेल्या बऱ्याच नवख्या मंडळींना तिथे गायला मिळालं. एचएमव्हीत मुंबईला गायक जी. एन. जोशी होते. त्यांचं 'स्वरगंगेच्या तीरी' वाचलं की कळतं, एकेका कलावंताला रेकॉर्डिंगला आणायला ते किती खपायचे. पुस्तक छान आहे, मिळालं तर जरूर वाचा. पण ते वाचताना मला दुसरंही काही दिसतं. कोणाचा आवाज तबकडीवर जाणार हे एका ऑफिसात ठरायचं. साहजिकच आहे, पैसा त्यांचा होता. बालगंधर्व जाणार, हिराबाई बडोदेकर जाणार. नेऱ्याच्या बाजूची एखादी धवलारीण कशी जाणार?

धवलारीण म्हणजे काय ते आगरी-कोळ्यांना सांगायला नको. इतरांसाठी : आमच्याकडच्या लग्नात प्रत्येक विधीला धवले म्हणणारी बाई. साखरपुड्यापासून हळदीपर्यंत, तेल चढवण्यापासून मांडव परतेपर्यंत, हरेक गोष्टीचं वेगळं गाणं, आणि सगळं तोंडपाठ. बऱ्याच ठिकाणी भटजी नसायचेच, लग्न तीच लावायची. लिहिलेलं काही नाही. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे, एवढाच काय तो रस्ता.

तर रेकॉर्ड. मी लहान असताना पनवेल तालुक्यातल्या आमच्या गावात एकाही घरात फोनो नव्हता. तरी गाणी सगळ्यांना पाठ! कारण माझे थोरले काका. त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. एक चावीचं यंत्र, आहुजाचा अॅम्प्लिफायर, गाडीची बॅटरी, दोन कर्णे आणि रेकॉर्डींची एक लोखंडी पेटी. लग्न असो, सत्यनारायण असो, गणपती असो, कर्णा आंब्याच्या झाडावर चढायचा आणि पेटीत असेल ते अख्खा गाव ऐकायचा. नव्या रेकॉर्डी परवडत नसत. चोरबाजारात मटण स्ट्रीटला जाऊन काका जुन्या निवडून आणायचे. पोलादी पिना खरं म्हणजे एका बाजूला एक वापरायच्या, काका एकीवर दहा-दहा बाजू काढायचे. त्यामुळे रेकॉर्डी काळ्याच्या राखाडी झाल्या होत्या. एका गाण्यात तर दुसऱ्या कडव्याला सुई हमखास अडकायची. काकांनी बोटाने ढकलली की चार शब्द गाळून गाणं पुढे. आमच्या गावात ते गाणं चार शब्द गाळूनच म्हणायचे. मूळ गाणं मी रेडिओवर ऐकलं तेव्हा मला वाटलं, रेडिओवाल्यांनी काहीतरी जास्तीचं घातलंय.

बाहेर १९४८ सालीच अमेरिकेत एलपी आली होती, तिथे ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड पन्नासच्या दशकात मागे पडली. आपल्याकडे मात्र ती जवळजवळ १९७० पर्यंत निघत राहिली. बीटल्सची गाणीसुद्धा आपल्याकडे ७८ च्या तबकड्यांवर निघाली, आज जगभरचे शौकीन त्या शोधत फिरतात. कारण साधं. चावीच्या यंत्रांवर तीच वाजायची आणि वीज होती कुठे? मग छोट्या ईपी आल्या, चार गाण्यांच्या. १९७५ ला 'शोले' आला आणि त्याच्या संवादांची एलपी निघाली. त्या वर्षी गणपतीत गाणी बाजूला आणि गब्बर पुढे. काकांनी ती एलपी नवी विकत घेतली होती. माझ्या आठवणीत आमच्या घराण्याने दुकानातून घेतलेली पहिली आणि शेवटची कोरी रेकॉर्ड ती.

सांगायचा मुद्दा असा, की दुकानात जाऊन, आवडीची तबकडी निवडून, घरी आणून ऐकणारा माणूस हा मुंबई-पुण्याचा, तोही बऱ्या घरचा. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं. तिथे ऐकायच्या खोल्या होत्या, आत जाऊन रेकॉर्ड ऐकायची आणि मग घ्यायची. पुण्यात कर्वे रोडला अलूरकरांकडे शास्त्रीयवाल्यांची वारी असायची. आम्ही रेकॉर्ड ऐकली ती झाडावरच्या कर्ण्यातून. निवड काकांची, किंवा खरं म्हणजे चोरबाजाराची.

आमची स्वतःची वस्तू म्हणजे कॅसेट!

कॅसेट फिलिप्सने १९६३ साली काढली, पण आपल्याकडे तिचा पूर आला ऐंशीच्या दशकात. आधी आखातातून. रायगड-रत्नागिरीचा दुबईला गेलेला माणूस सुट्टीवर यायचा तो टू-इन-वन खांद्यावर घेऊनच. मग देशी कॅसेटी. दिल्लीच्या दर्यागंजातल्या फळांच्या रसवाल्याचा मुलगा गुलशन कुमार याने टी-सिरीज उभी केली आणि किमती पाडल्या. कॅसेट किराणा दुकानात आणि पानाच्या गादीवर दिसायला लागली. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने यावर 'कॅसेट कल्चर' असं पुस्तकच लिहिलं, १९९३ साली. तो म्हणतो, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजारातला पंच्याण्णव टक्के माल कॅसेटचा झाला होता. रेकॉर्डी घेणारे उरले ते श्रीमंत शौकीन, रेडिओ स्टेशनं आणि नक्कल करून कॅसेटी विकणारे. वाचताना मला जरा घाम फुटला. त्यातल्या तिसऱ्या वर्गात मी होतो.

लपवून काय करायचं? दुकानातली निम्मी कमाई 'भरून देण्याची' होती. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत बारा गाणी बसायची, नव्वदच्या कॅसेटीत अठरा. माझ्याकडे दोन डेक आणि एक टर्नटेबल, जुनी गाणी काकांच्या ईपींवरून आणि मी मुंबईहून आणलेल्या एलपींवरून भरायचो. कार्डावर निळ्या शाईत नावं लिहून द्यायचो, त्या अक्षराचं कौतुक व्हायचं. कायद्याने ती चोरीच होती आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. काहीजण कोरी कॅसेट घ्यायचे पैसे वाचवायला घरातली जुनी आणायचे आणि म्हणायचे, "यावरच भरा." कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना दोन बारीक पट्ट्या असतात. कंपनीच्या कॅसेटीत त्या तोडलेल्या असतात, म्हणजे चुकून पुसलं जाऊ नये. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की झालं, पुन्हा भरता येतं. मी काउंटरवर चिकटपट्टीचं रीळच ठेवलं होतं.

पण भरून देणं सोडा, विकण्यातही एक कसब होतं. नेरे, वाजे, आकुर्ली, विचुंबे, पार माथेरानच्या पायथ्याशी दोधाणीपासून माणसं यायची. त्यांना गाण्याचं नाव ठाऊक नसायचं, सिनेमा ठाऊक नसायचा. "ते नाय का, परवा उलव्याच्या लग्नात लागलेला?" एवढ्यावर ओळखायचं. ओळखता आलं की ते गिऱ्हाईक जन्माचं आपलं. आषाढीला प्रल्हाद शिंदे, गणपतीला पुन्हा प्रल्हाद शिंदे, नवरात्रात दांडिया, मे महिन्यात हळदीची गाणी. ते वेसावकर मंडळींचे दिवस होते. कोळीगीतांची त्यांची कॅसेट बाहेरच्या स्पीकरवर लावली की बसस्टॉपवरची पोरं नाचायची. १९९० साली 'आशिकी' आला तेव्हा खोकी उघडायलासुद्धा सवड नव्हती. नव्वदचं दशक सगळं असंच गेलं. ९८ मध्ये पनवेलपर्यंत लोकल आली, नवीन पनवेलला बिल्डिंगी झाल्या, मग सुकापूरला झाल्या. त्यांतल्याच एकीत आम्ही राहायला आलो.

आणि एक गोष्ट व्हायची, जिचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. गावोगावची मंडळं स्वतःच्या कॅसेटी काढायला लागली. भजनी मंडळ, नाचाची पार्टी, शाळामास्तरांनी रचलेली गाणी. मुंबईला एखाद्या छोट्या स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रण, दोनशे-तीनशे नकला, कार्डावर सगळ्या मंडळींचा फोटो, त्यात ढोलकीवाला निम्मा कापलेला. ते दहा कॅसेटी आणून ठेवायचे, विकल्या की पैसे द्यायचे. रेकॉर्डच्या जमान्यात हे शक्यच नव्हतं. कारखाना लागायचा, कंपनी लागायची, तो ऑफिसातला माणूस लागायचा. कॅसेटीला कोणाची परवानगी लागत नव्हती. आमच्या बोलीतला आवाज दुकानाच्या काचेमागे आला तो शंभर वर्षांत पहिल्यांदा. मी त्या कॅसेटी खालच्या फळीवर ठेवायचो. वर 'आशिकी'.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पटकन सांगतो. एमपीथ्रीची सीडी आली, एकीत दीडशे गाणी. २००७ ला मोसर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढून सिनेमाच्या धंद्यातही धूळ उडवली. (ती कंपनीही २०१८ मध्ये दिवाळ्यात निघाली.) त्याच सुमारास शेजारचा मोबाइलवाला मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला लागला. म्हणजे माझाच धंदा, फक्त चिकटपट्टी नको आणि अक्षरही नको. मोठ्या दुकानांचं तरी काय झालं? टाइम्सने १९९९ साली व्हीटीसमोर थाटात सुरू केलेलं प्लॅनेट एम गेलं. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटचं म्युझिक वर्ल्ड २०१३ ला गेलं. ऱ्हिदम हाऊस फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा पेपरांत रकाने भरून लेख आले. ती जागा पुढे नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, मग ईडीने जप्त केली, आणि २०२४ मध्ये सोनम कपूरच्या सासरच्या भाने ग्रुपने विकत घेतली. माझं दुकान २००९ ला बंद झालं तेव्हा फक्त भंगारवाला आला होता.

चार पोती माल होता. न विकलेला, कंपनीने परत न घेतलेला. त्याने प्लॅस्टिकच्या भावाने तोलला. माझ्या डोक्यात विचार एकच, गाळा रिकामा करायचा. खालची फळीही पोत्यात गेली.

आता भाच्याचं 'जगभर' बघू. ते खोटं नाही. अमेरिकेत २०२२ साली ४ कोटी १० लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्डी सीडींच्या पुढे गेल्या. २००८ पासून तिथे दर वर्षी एक 'रेकॉर्ड स्टोअर डे' करतात, त्या दिवशी दुकानांसमोर रांगा. लंडनचं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एचएमव्ही १९२१ साली सुरू झालेलं, कंपनी दोनदा बुडाली, जागा गेली, आणि २०२३ च्या अखेरीस ते पुन्हा त्याच जागेत उघडलं. इतकं कशाला, २०२४ मध्ये इथे आपल्या नवी मुंबईत रेकॉर्डी दाबायचा कारखाना सुरू झाला. डमडमचं ते लाखेचं आणि वाफेचं जग, आणि आता कारखाना आमच्या हाकेच्या अंतरावर! हे ऐकून मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू.

पण दुकान? मी आपलं कागदावर मांडून पाहिलं. सवय आहे. एलपी दोन-तीन हजारांची. निदान तीनशे तरी हव्यात, नाहीतर गिऱ्हाईक काय चाळणार? म्हणजे सात-आठ लाख भिंतीला लागले. गाळ्याचं भाडं वेगळं (ते आता मला मिळतं, तेवढं बुडालं). पावसाळ्यातली इथली दमट हवा, पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी. आणि घेणार कोण? भाच्यासारखे येतील चार-पाच, पण ते माहीमला जाणं पसंत करतील. कारण त्यांना रेकॉर्ड जितकी हवी तितकंच ते जाणंही हवंय. यात मी त्यांना नावं ठेवत नाही. फोनमध्ये सगळं जग फुकट वाजत असताना कोणी पैसे टाकून, बाजू उलटून ऐकत असेल तर त्याने मनापासून ऐकायचं ठरवलंय. माझ्या वयाच्या लोकांची सोय सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवां' काढून केलीच आहे, पाच हजार गाण्यांचा डबा, बटण दाबा आणि डुलक्या घ्या.

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. तबकड्यांना वाली आहेत. मुंबईत १९९० पासून भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी आहे, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाने त्यांचं नियतकालिक निघत आलं. वडाळ्याच्या यंग इंडियाची माहिती आज आपल्याला आहे ती अशाच मंडळींनी एकेक तबकडी जमवली म्हणून. शिवाय लाखेची रेकॉर्ड नव्वद वर्षांनीही वाजते. आणि कंपन्यांची गाणी कुठे ना कुठे मूळ फितीवर असतातच, कोणी ना कोणी ती नव्या एलपीवर काढणारच. खालच्या फळीचं काय? तिची मूळ फीत कुठेच नाही. स्टुडिओवाल्याने दुसऱ्या दिवशी त्याच रिळावर दुसरं काही भरलं. त्या दोनशे नकला हेच मूळ.

हे सगळं मला सुचलं असं नका समजू. एक मुलगी आली होती, गेल्या दिवाळीनंतर. नेऱ्याच्या अलीकडच्या गावातली. पत्ता विचारत विचारत सुकापूरला आली. "काका, तुमचा कॅसेटचा दुकान होता ना?" तिचं लग्न ठरलं होतं. तिची आजी धवलारीण, ती गेली २००१ ला, हिला आजीचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. वडिलांचं म्हणणं, ९४ साली मंडळाने धवल्यांची एक कॅसेट काढली होती, त्यात आजी गायली होती, आणि पनवेलला तुमच्याच दुकानात ती मिळायची. घरातली पुरात गेली. लग्नात लावायची होती.

मला कॅसेट लगेच आठवली. हिरवं कार्ड, नऊवारीतल्या पाच बायका. दहा ठेवल्या होत्या, सहा विकल्या गेल्या. उरलेल्या चार कुठे गेल्या हे मी तिला सांगितलं नाही. "बघतो," म्हटलं.

दोन महिने फिरलो. जुने रिक्षावाले, कारण त्यांच्या रिक्षांत डेक असायचे. भजनी मंडळी. भंगारवालासुद्धा, तो उगाच हसला. शेवटी वाज्याच्या पुढे एका मंडपवाल्याच्या ट्रंकेत, माळ्यावर, सापडली. कार्ड उलटं घातलेलं. फितीला पांढरी बुरशी, फेल्टची गादी गळून पडलेली. वेष्टनाला स्क्रू नव्हते, स्वस्तातल्या कॅसेटी चिकटवलेल्याच असत. ब्लेडने फोडली, फीत कापसाने हळूहळू पुसली आणि दुसऱ्या चांगल्या वेष्टनात बसवली. डेकच्या हेडचा तो बारीक स्क्रू असतो, तो फिरवून आवाज मोकळा केला. पहिली बाजू अख्खी निघाली. पाच बायका, मध्ये कुठेतरी कोंबडा आरवतो, आणि एक आवाज बाकीच्यांच्या पुढे धावणारा, खणखणीत. वडिलांना फोनवर ऐकवलं. "हीच," म्हणाले, पुढे काही बोलले नाहीत.

दुसरी बाजू लावली तर 'रंगीला'.

पाठ बघितली. भोकावर चिकटपट्टी. उलटं घातलेलं कार्ड काढून बघितलं, कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत एका खाली एक गाणी. अक्षर माझं.

मी तो डेक बंद केला नाही, एवढंच काय ते मी बरोबर केलं. सुन्न होऊन बसलो होतो आणि गाणी चालली होती. शेवटचं गाणं संपलं, खट्कन आवाज आला आणि आजी मध्येच सुरू झाल्या. भरलेली गाणी बाजूपेक्षा तोकडी पडली होती, मागे साडेतीन मिनिटं जुनं तसंच राहिलं होतं. हळद लावतानाचा धवला, अर्ध्यातून.

मुलीला दोन्ही दिलं. कार्डही दाखवलं आणि अक्षर कोणाचं तेही सांगितलं. तिने कार्ड बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ही बाजू दुसऱ्या कोणाकडे असंल ना, काका?" असेल. सहा माझ्याकडून गेल्या होत्या, बाकीच्या मंडळाने वाटल्या. मी शोधतोय. भाचाही आता रविवारी बाइक घेऊन येतो आणि आम्ही गावं फिरतो. त्याच्या ऐरोलीच्या टर्नटेबलापेक्षा माझा डेक जास्त चालतोय सध्या.

पनवेल, उरण, पेणच्या बाजूला कोणाच्या घरी माळ्यावर अशा कॅसेटी असतील तर एवढं करा. लगेच डेकमध्ये घालू नका, बुरशी असेल तर फीत तुटते आणि डेकही खराब होतो. आधी उन्हाबाहेर, कोरड्या जागी आठवडाभर ठेवा. पेन्सिल घालून हाताने एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. अडली तर ओढू नका. आणि वर सिनेमाची गाणी भरलेली असली तरी शेवटच्या गाण्यानंतर लगेच बंद करू नका, बाजू संपेपर्यंत चालू द्या.